आई-बाबांना घेऊन ओकायामा: जपानमधला एक दिवस, गुडघ्यांच्या हिशेबाने

पुण्याहून जपानला निघालेल्या बहुतेक कुटुंबांची यादी सारखीच असते: टोकियो, फुजी, क्योटो, हिरोशिमा. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-बाबा किंवा सासू-सासरे असले की ही यादी तिसऱ्या दिवशी कोलमडते आणि खापर अंतरावर फुटतं. दोष अंतराचा नसतो. रोज सकाळी तळजाईला फेऱ्या मारणारे आजोबा नातवंडांना मागे टाकतात. त्यांना दमवतं ते उभं राहणं: फलाटावर, रांगेत, बसमध्ये, तिकिटांच्या मशीनपुढे, आणि तरुण मंडळी फोटो काढत असतात तेव्हा. म्हणून दिवस आखताना आधी कुठे कुठे बसायचं ते ठरवायचं, काय बघायचं ते त्यानंतर.

इथे एकाच दिवसाची आखणी दिली आहे. मुक्काम ओसाकात, सकाळी शिंकानसेनने (म्हणजे बुलेट ट्रेनने) ओकायामा, तिथली कोराकुएन बाग, जेवण, अंगात दम असेल तर जवळचं कुराशिकी हे जुनं गाव, आणि संध्याकाळी परत. क्योटोची देवळं सुंदर आहेत यात वाद नाही, पण कियोमिझुदेराचा चढ आणि गच्च भरलेल्या सिटी बस यांतच निम्मा दिवस जातो. ओकायामा शहर सपाट आहे, तिथे गर्दी कमी असते, आणि पुणेकरांशी त्याचं नातं आहे. सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान, ज्याला आपण सर्रास ओकायामा गार्डन म्हणतो, ते या कोराकुएनवरूनच बेतलेलं आहे. ‘आपल्या बागेची मूळ बाग बघायला चाललोय’ एवढं सांगितलं की कुरकुर निम्मी होते.

तालीम पुण्यातच

निघण्याच्या महिनाभर आधी सगळ्यांना पु. ल. देशपांडे उद्यानात न्या. पायात तेच बूट, पाठीवर तीच पिशवी, हातात तीच काठी. दोन तास फिरा आणि तीन गोष्टी टिपा: मंडळी किती वेळाने बसायला जागा शोधतात, बसल्यावर उठायला किती वेळ लागतो, आणि स्वच्छतागृहाची चौकशी कधी होते. दर पंधरा मिनिटांनी बसणारी व्यक्ती जपानमध्येही पंधरा मिनिटांनीच बसणार, परदेशात गेल्यामुळे गुडघे बदलत नाहीत. (पुण्यातली बाग दुपारी बंद असते, तेव्हा सकाळी लवकर जा. मूळ बाग दुपारीही उघडी असते, हा फरक पुणेकरांना पचायला थोडा जड.)

‘मी पर्वती चढते, मला काही होत नाही’ हे उत्तर ग्राह्य धरू नका. पर्वतीच्या १०३ पायऱ्या एकदाच चढायच्या असतात आणि वर गेलं की निवांत बसता येतं. जपानमध्ये चढ फारसा नाही, पण एका मोठ्या स्टेशनात गाडी बदलताना अर्धा किलोमीटर सहज चालणं होतं आणि दिवसाअखेरीस पावलांचा आकडा नकळत पाच अंकी होतो. मोबाइलवर त्यांची पुण्यातली रोजची पावलं तीन-चार दिवस मोजा. त्याच्या दीडपटीपेक्षा जास्त चालणं ज्या दिवशी होईल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही ठेवू नका.

बूट वेलक्रोचे किंवा नुसते पाय सरकवायचे घ्या. देवळात, काही हॉटेलांत, जुन्या घरांत बूट काढावे लागतात, आणि वयस्कर माणूस पडतो तो बऱ्याचदा एका पायावर उभं राहून नाडी सोडताना. लहानसं शूहॉर्न, म्हणजे टाच बुटात सरकवायची पट्टी, खिशात असू द्या. मोजे न फाटलेले, आणि तळाला रबरी ठिपके असलेले असतील तर उत्तम, कारण पॉलिश केलेली लाकडी जमीन साध्या मोज्यांवर घसरते. घडी होणारी काठी न्याच. काठी उघडली की छोटी बैठक होते, असा प्रकारही मिळतो. तो थोडा जड असतो, पण फलाटावर त्याची किंमत कळते.

कधी जायचं आणि कितव्या दिवशी

नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा किंवा एप्रिलचा मध्य या दोन वेळा ज्येष्ठांसाठी बऱ्या. २९ एप्रिल ते ५ मेच्या आसपासचा सुट्ट्यांचा आठवडा आणि ऑगस्टच्या मध्यातला ओबोनचा, म्हणजे पूर्वजांच्या सणाचा, काळ टाळा. तेव्हा अख्खा जपान गाडीत असतो. जुलै-ऑगस्टचा उकाडा पुण्याच्या मे महिन्यापेक्षा त्रासदायक, कारण त्यात मुंबईची दमट हवा मिसळलेली असते. नोव्हेंबर-डिसेंबरात पाचच्या सुमाराला अंधारून येतं, हे लक्षात ठेवून परतीची वेळ धरा.

हा दिवस जपानमध्ये उतरल्यावर चौथ्या दिवशी किंवा त्यानंतर ठेवा. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथे सकाळचे ८ वाजतात तेव्हा बाबांच्या शरीरात पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. पुण्यात सहाला पोट साफ होत असेल, तर पहिले दोन-तीन दिवस ती वेळ साडेनवाला येते, म्हणजे नेमकी गाडीत. सहल फसण्याचं हे कारण कोणी मोठ्याने सांगत नाही, पण सकाळभर चाललेल्या चिडचिडीचं मूळ बऱ्याचदा तिथेच सापडतं.

गोळ्यांचंही तसंच. जाताना दिवस साडेतीन तासांनी आखूड होतो. रक्तदाबाची गोळी आणि विशेषतः इन्सुलिन कधी घ्यायचं, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून जपानच्या वेळेनुसार लिहून आणा. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिना पुरतील इतकीच स्वतःच्या वापरासाठी नेता येतात. त्याहून जास्त न्यायची तर ‘युन्यू काकुनिन-शो’ नावाचा दाखला आधीच मिळवावा लागतो. सर्दी-खोकल्याच्या औषधांबाबत विशेष जपा. १० टक्क्यांपेक्षा जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली औषधं जपानमध्ये न्यायला बंदी आहे, आणि कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवरही कडक निर्बंध आहेत. आईच्या पर्समध्ये कायम असणारी सर्दीच्या गोळ्यांची पट्टी काढून तिच्यावरची घटकांची यादी एकदा वाचा.

गाडी

शिन-ओसाका (ओसाकातलं शिंकानसेनचं स्टेशन) ते ओकायामा हे अंतर शिंकानसेन पाऊण तासात कापते. या मार्गावर नोझोमी, हिकारी, कोदामा, मिझुहो आणि साकुरा अशा गाड्या आहेत. ज्येष्ठांसाठी मिझुहो किंवा साकुराच धरा, आणि त्याला दोन सबळ कारणं आहेत. या गाड्या शिन-ओसाकाहूनच सुटतात, त्यामुळे सुटण्याआधी काही मिनिटं फलाटाला उभ्या असतात. टोकियोहून येणारी नोझोमी मिनिट-दोन मिनिटं थांबून निघून जाते. शिवाय त्यांच्या राखीव डब्यांत आसनं दोन-दोनच्या रांगेत असतात. बाकी गाड्यांत एका बाजूला तीन असतात आणि मधल्या जागेवर बसलेल्या माणसाला स्वच्छतागृहाला जायचं तर शेजारच्याला उठवावं लागतं. संकोचापोटी ते जात नाहीत आणि उतरल्यावर घाई होते.

जागा राखूनच घ्या. थोडे पैसे वाचवायला बिनराखीव डब्यात जाणं म्हणजे फलाटावर आधी अर्धा तास उभं राहणं. शिन-ओसाका ते ओकायामा एका बाजूचं भाडं साधारण साडेपाच ते साडेसहा हजार येन पडतं. परदेशी पर्यटकांसाठीचा कन्साई वाइड एरिया हा रेल्वे पास पाच दिवसांचा असतो आणि त्याची किंमत १२,००० येनांच्या घरात आहे, म्हणजे एका जाण्या-येण्यातच तो जवळपास वसूल होतो. कुराशिकीपर्यंतची जेआरची (जपान रेल्वेची) गाडीही त्यात येते. त्यात शिंकानसेन फक्त शिन-ओसाका ते ओकायामा एवढीच चालते, हे विसरून क्योटोला शिंकानसेनमध्ये चढू नका. किमती बदलतात, तेव्हा पास काढायच्या आधी ताजा दर बघून घ्या.

साडेनऊच्या सुमाराची गाडी पकडायची तर स्टेशनात नऊलाच पोचा. चाळीस मिनिटं आधी नको आणि दहा मिनिटं आधीही नको. लिफ्ट कुठे आहे हे आदल्या दिवशी नकाशावर बघून ठेवा, कारण ती सहसा फलाटाच्या एकाच ठिकाणी असते आणि तिथून आपला डबा लांब असू शकतो. जमिनीवर डब्यांचे क्रमांक रंगवलेले असतात. १६ डब्यांच्या गाडीत अपंगांसाठीचं प्रशस्त स्वच्छतागृह ११ व्या डब्यात असतं आणि ८ डब्यांच्या गाडीत ७ व्या. गुडघे फारच कुरकुरत असतील तर त्याच्या शेजारचा डबा मागा. सरकत्या जिन्यावर ओसाकात लोक उजवीकडे उभे राहतात, ओकायामात डावीकडे. ज्येष्ठांना मात्र लिफ्टनेच न्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल टाकताना ते थबकतात आणि मागून गर्दी आदळते.

तिकिटं सगळ्यांची एकाच्या हातात नकोत आणि प्रत्येकाच्या खिशातही नकोत. ती प्रत्येकाच्या गळ्यातल्या पाकिटात असावीत. फाटकाच्या यंत्रात तिकीट घातलं की ते पलीकडून बाहेर येतं, आणि काका ते तिथेच सोडून पुढे जातात. प्रत्येक फाटकापलीकडे एक तरुण माणूस उभा राहून ‘तिकीट घेतलंत का?’ विचारेल, एवढं ठरवून टाका. शेवटच्या फाटकात तिकीट यंत्र गिळतं, तिथे वाट बघत उभं राहायचं नसतं.

कोराकुएन

ओकायामा स्टेशनातून पूर्वेच्या दाराने बाहेर या. बाहेर मोमोतारो या लोककथेतल्या नायकाचा पुतळा आहे; फोटो काढायचा तर पाच मिनिटं, जास्त नको. बागेकडे ट्राम जाते, पण शिरोशिता थांब्यावर उतरून आणखी दहा मिनिटं चालावं लागतं. ती दहा मिनिटं बागेसाठी राखा आणि टॅक्सी करा. अंतर दोनेक किलोमीटर, भाडं हजार येनांच्या आसपास. टॅक्सीचं मागचं डावं दार चालक स्वतः उघडतो आणि लावतो. हाताने ओढू नका. एका साध्या टॅक्सीत चार प्रवासी बसतात, पाच असाल तर दोन करा. चालकाला ‘कोराकुएन, सेईमोन’ सांगा. सेईमोन म्हणजे मुख्य दार. मोबाइलवर नकाशा बघताना मात्र नुसतं कोराकुएन टाकू नका. टोकियोतही त्या नावाची एक बाग आणि स्टेशन आहे, आणि नकाशा शांतपणे सातशे किलोमीटरचा रस्ता दाखवतो. ओकायामा कोराकुएन असंच शोधा.

इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ साली ही बाग उभारायला घेतली आणि १७०० मध्ये ती पुरी झाली. १८८४ पासून ती लोकांना खुली आहे. १९३४ चा पूर आणि १९४५ ची बॉम्बफेक यांत तिचं बरंच नुकसान झालं, पण जुन्या चित्रांच्या आधाराने ती पुन्हा उभी केली. कानाझावाची केनरोकुएन आणि मितोची कैराकुएन यांच्याबरोबर ती जपानच्या तीन थोर बागांत मोजली जाते. सुमारे १३ हेक्टरांचा पसारा, मोठी हिरवळ, मधून खेळवलेला पाण्याचा पाट, भाताची छोटी खाचरं, चहाचा मळा. आईला हे सगळं आधी सांगून ठेवा: मग ती चहाचं झाड कुठंय ते स्वतः शोधते, आणि शोधणारा माणूस दमत नाही.

मुख्य दारापाशी व्हीलचेअर मोफत मिळते. ‘मला कशाला, मी काय आजारी आहे?’ हा प्रश्न येणारच. त्यावर वाद घालू नका. पिशव्या ठेवायला म्हणून घ्या. तासाभराने पिशव्या कोणाच्या तरी मांडीवर येतात. वाटा बऱ्यापैकी घट्ट आहेत, पण काही ठिकाणी बारीक खडी आहे. खडीत व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं रुततात आणि ढकललं की खुर्ची पुढे कलते. तिथे खुर्ची उलटी फिरवा आणि मागे चालत ओढा, मोठी चाकं खडीवरून सहज जातात.

पूर्ण फेरी तरुण माणूस तासाभरात मारतो. ज्येष्ठांसोबत पावणेदोन तास धरा आणि त्यात तीन बैठका ठेवा. पहिली मुख्य दारापासून थोडं आत, एनयोतेई या सरदाराच्या वास्तूसमोर; तिथून हिरवळ, तळं आणि पलीकडे ओकायामाचा काळा किल्ला एका नजरेत येतात. बागेबाहेरचा किल्ला आणि डोंगर बागेचाच भाग वाटावेत, अशी मूळ रचनाच आहे, त्यामुळे बसल्या जागी बाग जास्त कळते. दुसरी बैठक र्‍यूतेनला. हे बिनभिंतींचं लाकडी घर आहे आणि त्याच्या मधोमध जमिनीऐवजी पाण्याचा पाट वाहतो, त्यात सहा रंगीत दगड मांडलेले. बॉम्बफेकीतून वाचलेल्या मोजक्या वास्तूंपैकी ही एक. फळीच्या कडेला पाय सोडून बसता येतं, सावली असते, पाण्याचा आवाज असतो. इथे निदान वीस मिनिटं द्या. ‘पुढे बरंच बघायचंय’ म्हणून कोणी उठवायला लागलं तर त्याला चहा आणायला पाठवा. तिसरी बैठक बागेतल्या चहाच्या दुकानात, माच्चा (हिरव्या चहाची पूड घोटून केलेला चहा) आणि किबी दांगो यांसाठी. किबी दांगो म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाचे आणि साखरेचे मऊ गोळे, ओकायामाची खासियत, शाकाहारींना चालतात. माच्चा कडू असतो: आधी गोड खायचं, मग तो प्यायचा.

मधली युइशिनझान ही टेकडी जेमतेम सहा मीटर उंच आहे, पण पायऱ्या ओबडधोबड आहेत. एकाने वर जाऊन फोटो आणावा.

किल्ल्याचं काय? दक्षिणेच्या दाराबाहेर त्सुकिमी पूल आहे, त्यावरून नदीपलीकडे किल्ला छान दिसतो. मूळ बुरूज १५९७ चा, १९४५ च्या बॉम्बफेकीत जळाला, आताचा १९६६ साली काँक्रीटमध्ये बांधलेला. आत लिफ्ट आहे, पण तिथवर पोचायला चढ आणि दगडी पायऱ्या आहेत. पुलावरून बघून परत फिरलात तर फारसं काही हुकत नाही. शनिवारवाड्याच्या दरवाजाएवढं जुनं बांधकाम त्या बुरुजात उरलेलं नाही.

जेवण: मेतकूट-भात जिंदाबाद

शाकाहारी ज्येष्ठांसाठी खरी अडचण मटण-मासे नव्हे, दाशी आहे. सुकवलेल्या मासळीचा हा अर्क सूपमध्ये, नूडल्सच्या पाण्यात, टेम्पुरासोबतच्या चटणीत, भाज्या शिजवताना, सगळीकडे असतो. ‘मांस नाही ना?’ विचारलं की ‘नाही’ असं प्रामाणिक उत्तर येतं, कारण दाशीला तिथे कोणी मांस समजत नाही. दुकानातला त्रिकोणी भात, ओनिगिरी, घ्यायचा तर नुसत्या मिठाचा किंवा उमे, म्हणजे खारवलेल्या आलुबुखाराचा घ्या. कोंबूची, म्हणजे समुद्री शेवाळाची ओनिगिरी शाकाहारी वाटते, पण तिच्यात बऱ्याचदा मासळीचा अर्क असतो. पॅकेटवरचे घटक मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचा.

डबा नेणं हाच राजमार्ग. सुपरमार्केटात शिजवलेल्या भाताची २०० ग्रॅमची बंद वाटी मिळते. झाकण खुणेपर्यंत सोला, मायक्रोवेव्हमध्ये ५०० वॅटवर दोन मिनिटं ठेवा. बऱ्याच हॉटेलांत मजल्यावर मायक्रोवेव्ह असतो. गरम भातात चमचाभर तूप, दोन चमचे मेतकूट, चवीपुरतं मीठ, कालवून स्टीलच्या डब्यात दाबून भरा. जपानी तांदूळ चिकट असल्याने हा भात कोरडा पडत नाही, दुपारी एकलाही मऊ राहतो. आंबेमोहोराची चव येत नाही, पण आजी खातात. बिनसाखरेचं साधं दही दुकानात सहज मिळतं, तेव्हा दहीभातही जमतो. तो मात्र वेळेवरच कालवा, सकाळी नको. सोबत दशम्या किंवा धपाटे आणि कोरडी लसणाची चटणी. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, लिंबं, आंबे यांपैकी काहीही ताजं पुण्याहून नेऊ नका. ताजी फळं-भाज्या वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याशिवाय विमानतळावर काढून घेतात.

कुठे खायचं? शिंकानसेनमध्ये खाणं रीतीचं आहे, लोकल गाडीत नाही, आणि चालता चालता खाणंही तिथे बरं दिसत नाही. या दिवशी जेवणाची वेळ बाग संपल्यावर, साडेबाराच्या सुमाराला येते. टॅक्सीने स्टेशनात परत या आणि बसायची सोय बघून डबा उघडा. तरुण मंडळींना हॉटेलातच जेवायचं असेल तर ‘तेबुरु सेकी, ओनेगाइशिमासु’ म्हणा, म्हणजे टेबल-खुर्चीची जागा; नाहीतर जमिनीवर मांडी घालून बसवतात आणि उठवायला दोघं लागतात. कचऱ्याचे डबे रस्त्यावर दिसत नाहीत, एक रिकामी पिशवी जवळ ठेवा.

एकादशी त्या दिवशी येते का, ते पंचांगात आधी बघा. आलीच तर उपाय आहे: थंडीच्या दिवसांत सुपरमार्केटच्या दाराशी भाजलेली रताळी, याकीइमो, गरमागरम मिळतात. केळी आणि दूध कुठेही.

पाणी आणि स्वच्छतागृह

स्वच्छतागृह सापडणार नाही या भीतीने ज्येष्ठ पाणी पिणं कमी करतात. मग दुपारनंतर पायात गोळे येतात, चक्कर येते, आणि घरचे म्हणतात ‘चालणं झेपत नाही’. त्यामुळे दर बैठकीला अर्धा पेला पाणी द्या, तहान असो वा नसो. जपानमध्ये स्वच्छतागृहांची ददात नाही: स्टेशनात, बागेत, मोठ्या दुकानांत फुकट आणि स्वच्छ असतात. व्हीलचेअरचं चिन्ह असलेल्या मोठ्या खोलीत धरायला दांडे असतात, तीच वापरा.

आत गेल्यावर भिंतीवर बटणांची पाटी दिसते. निळसर चित्रातल्या फवाऱ्याचं बटण म्हणजे आपल्याला हवं ते पाणी. बंद करायला चौकोनी खूण असलेलं बटण, बहुधा नारिंगी किंवा लाल. फवारा सुरू करून उभं राहिलं की पाणी समोरच्या भिंतीवर. हे हॉटेलात आधी शिकवा. वेगळं, एकटं असलेलं लाल बटण किंवा दोरी मदतीसाठी असते. फ्लश समजून ती ओढली की कर्मचारी धावत येतात. कागद भांड्यातच टाकायचा. हात पुसायला कागद नसतो, म्हणून प्रत्येकाकडे नॅपकिन हवा.

कुराशिकी की परत?

हा निर्णय जेवणानंतर, ज्येष्ठांना न विचारता, त्यांच्याकडे बघून घ्या. विचारलं तर ‘तुम्ही म्हणाल तसं’ असंच उत्तर येणार. बुटांतून टाचा बाहेर काढलेल्या असतील, बोलणं कमी झालं असेल, तर सरळ ओसाकाची गाडी धरा आणि डब्यात झोपू द्या. चेहरे ताजे असतील तर जेआरच्या सान्यो मार्गावरून कुराशिकी पंधरा-सतरा मिनिटांवर आहे. स्टेशनपासून बिकान हा जुना भाग किलोमीटरभर, इथेही टॅक्सी. पांढऱ्या भिंतींची जुनी गोदामं, कालवा, विलोची झाडं, सगळं सपाट. कालव्यात वीसेक मिनिटांची होडी असते, तिकिटं त्याच दिवशी मिळतात आणि गर्दीच्या दिवशी संपतात, हिवाळ्यात ती रोज नसते. होडीत उतरायला दगडी पायऱ्या आहेत आणि आत खाली बसावं लागतं, तेव्हा गुडघे बघून ठरवा. बाबांना चित्रांची आवड असेल तर १९३० सालचं ओहारा संग्रहालय आहे. त्यात एल ग्रेकोचं चित्र आहे आणि बसायला बाकंही आहेत. सोमवारी ते बंद असतं.

‘तुम्ही फिरून या, मी इथेच बसते’ असं कोणी म्हटलं तर बसू द्या. त्यात दुःख नाही. फक्त छप्पर आणि स्वच्छतागृह जवळ असलेली जागा निवडा, पाणी आणि चार्ज केलेला फोन द्या, परत येण्याची नेमकी वेळ सांगा आणि ती पाळा. ‘आलोच’ ही वेळ नव्हे.

चुकामूक झाली तर काय, हे सकाळीच ठरलेलं हवं. गर्दीत हरवलेल्याने जागा सोडायची नाही, शोधणारे येतील. गाडीचं दार लागलं आणि निम्मे आत, निम्मे फलाटावर राहिले, तर आतल्यांनी पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं, फलाटावरच्यांनी पुढच्या गाडीने तिथे यायचं. दोघांनीही एकमेकांकडे निघणं हा सगळ्यात वाईट प्रकार. प्रत्येकाच्या पाकिटात हॉटेलचं जपानी लिपीतलं कार्ड, आजार आणि गोळ्यांची इंग्रजीतली यादी, रक्तगट आणि विम्याचा क्रमांक असू द्या. रुग्णवाहिकेसाठी ११९, पोलिसांसाठी ११०. परदेशी पाहुण्यांसाठी चोवीस तास इंग्रजीतून मदत करणारी जपान पर्यटन संस्थेची दूरध्वनी सेवा ०५०-३८१६-२७८७ वर आहे.

हॉटेलात परतल्यावर

सहा-साडेसहापर्यंत खोलीत पोचायला हवं. टबात कोमट पाणी गुडघ्याच्या खालपर्यंत भरून कडेवर बसून दहा मिनिटं पाय सोडू द्या. टबाची कडा उंच आणि तळ गुळगुळीत असतो, म्हणून आत उतरणं-चढणं कोणाच्या तरी हाताला धरूनच. बऱ्याच जपानी हॉटेलांत न्हाणीघराला दाराशीच पाऊलभर उंच उंबरा असतो. रात्री अंधारात उठल्यावर ठेच लागते ती त्यालाच. न्हाणीघरातला दिवा रात्रभर चालू ठेवा, दार किंचित उघडं, आणि उंबऱ्यावर पांढरा टॉवेल आडवा टाका.